सामुदायिक व्यायामवर्ग : शुल्क आणि लाभ

आपल्या देशातील लहानमोठ्या शहरांत आज सशुल्क व्यायामवर्ग चालू झालेले दिसतात. कोठे योगासने, कोठे संगीताच्या तालावरील नृत्यव्यायाम, तर कोठे वजने उचलण्याचे शिक्षण दिले जाते. ज्या कुटुंबाला महिन्याच्या मिळकतीतून घरभाडे, शाळेची फी आणि औषधपाणी भागवावयाचे असते, त्याच्यापुढे एक रास्त प्रश्न उभा राहतो : या वर्गासाठी दिलेले पैसे सार्थकी लागतील काय? याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. शेजाऱ्याच्या अनुभवावरूनही ते पुरतेपणी कळत नाही. ते ज्याचे त्यानेच काढावयाचे असते, आणि ते काढण्याची रीत अवघड नाही.

शरीराची गरज

प्रथम शरीराला काय हवे ते पाहू. १९५३ साली जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असत. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी सारखे जिना चढत उतरत असत. हृदयाच्या रोहिणींचा विकार चालकांपेक्षा वाहकांमध्ये कमी आढळला. शारीरिक श्रम आणि हृदयाचे आरोग्य यांच्या संबंधाला पुढे अनेक संशोधनांनी पुष्टी दिली. त्या वाहकांनी या श्रमासाठी कोणालाही शुल्क दिले नव्हते. उलट त्यांनाच त्याचे वेतन मिळत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे : प्रौढ व्यक्तीने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तोल सांभाळण्याच्या व्यायामाचीही जोड द्यावी. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे. व्यायाम करताना बोलता येते, परंतु गाता येत नाही, एवढा दम लागला म्हणजे श्रम मध्यम समजावेत. भरभर चालण्याने हे साधते. हृदय व स्नायू यांना श्रम तेवढे कळतात. ते सशुल्क होते की विनाशुल्क, हे कळत नाही.

शुल्क देऊन काय मिळते?

मग वर्गात आपण विकत घेतो ते काय? व्यायाम नव्हे, तर त्यास साह्यभूत होणाऱ्या तीन गोष्टी : शिक्षण, सोबत आणि ठरलेली वेळ.

शिक्षणाचे मोल सर्वांना सारखे नसते. चालणे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु वजन उचलताना पाठीचा कणा कसा ठेवावा, गुडघा दुखत असता कोणती हालचाल टाळावी, हे जाणत्याकडून शिकावे हेच बरे. अशा शिक्षणाची गरज आरंभीच्या काही महिन्यांत अधिक आणि पुढे कमी असते.

सोबतीचा परिणामही खरा आहे. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली दाखवून दिले की, सायकलस्वार एकटे असताना जेवढ्या वेगाने जातात त्याहून इतरांबरोबर अधिक वेगाने जातात. ऑक्सफर्ड येथे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात, एकट्याने वल्हवण्याचा व्यायाम केल्यानंतरच्या मानाने समूहात तोच व्यायाम केल्यानंतर नावाड्यांची वेदना सोसण्याची शक्ती अधिक वाढलेली आढळली. प्रयोगात अवघे बारा जण होते, म्हणून त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तथापि सोबतीने श्रम हलके वाटतात, हा सर्वसाधारण अनुभव त्याच्याशी जुळतो.

वर्गणी आणि हजेरी

परंतु या तिन्ही गोष्टींचा लाभ वर्गास जाणाऱ्यालाच मिळतो. आणि नेमका येथेच आपला अंदाज चुकतो. अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सुमारे पावणेआठ हजार सभासदांच्या नोंदी स्टेफानो देलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी तपासल्या व २००६ साली प्रसिद्ध केल्या. महिना ७० डॉलरांहून अधिक वर्गणी देणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत. म्हणजे प्रत्येक खेपेस त्यांना १७ डॉलरांहून अधिक खर्च पडे. वस्तुतः दहा खेपांची तिकिटे घेतली असती तर तोच खर्च १० डॉलर पडला असता. येणे थांबविल्यावरही वर्गणी बंद करावयास सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ लागे. ही माणसे अडाणी नव्हती. उद्याचा आपण आजच्या आपल्यापेक्षा अधिक नेटाचा असेल, अशी प्रत्येकाची समजूत असते. तिचीच ही किंमत होय.

भरलेले पैसे आपल्याला व्यायामास ओढून नेतील, ही आशाही अर्धीच खरी आहे. गुरविल आणि सोमन यांनी १९९८ साली असे दाखविले की, सहामाही वर्गणी भरल्यानंतर लगेच हजेरी वाढते आणि पुढील महिन्यांत ती ओसरत जाते. मासिक वर्गणी देणाऱ्यांची हजेरी अधिक एकसारखी राहते. यास्तव वर्षभराच्या वर्गणीवर मिळणारी सूट पाहून घाई करू नये.

हिशेबाची रीत

समजा, वर्गाचे मासिक शुल्क १,८०० रुपये असून महिन्यात बारा तासिका आहेत. कागदावर एका तासिकेचा खर्च १५० रुपये होतो. प्रत्यक्षात पाचच तासिकांना हजेरी लागली, तर तोच खर्च ३६० रुपये होतो. म्हणून पहिल्या महिन्यात केवळ एका महिन्याचे शुल्क द्यावे, दिनदर्शिकेवर हजेरीची खूण करावी आणि महिनाअखेर भागाकार करावा.

दुसरा हिशेब याहून महत्त्वाचा आहे : वर्ग नसता तर आपण काय केले असते? जी गृहिणी आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास भरभर चालते, तिची चालण्याची गरज आधीच भागलेली असते. चालणे सोडून ती वर्गास गेली, तर तिने एक व्यायाम देऊन दुसरा घेतला, एवढेच होते. स्नायूंचा व्यायाम तेथे मिळत असेल तरच तिच्या पदरात काही नवे पडते. उलट जो कारकून कचेरीतून येऊन एरवी बसूनच राहिला असता, तो महिन्यातून आठच वेळा वर्गास गेला, तरी त्या आठही तासिका त्याचा निव्वळ लाभ होय. एकच वर्ग, एकच शुल्क. तरी एकीला ते जड जाईल आणि दुसऱ्याला ते स्वस्त पडेल.

वर्गाची पारख करताना आणखी काही पाहावे. शिक्षक प्रवेशापूर्वी आजारांची चौकशी करतो काय? प्रत्येकाची चूक दुरुस्त करता येईल इतकीच शिष्यसंख्या आहे काय? तासाअखेर दम लागतो काय? झपाट्याने वजन उतरविण्याचे आश्वासन मिळाल्यास सावध व्हावे. साठ किलो वजनाच्या मनुष्यास अर्धा तास भरभर चालण्यास सुमारे १२० किलोकॅलरी लागतात. एवढी ऊर्जा साधारण एका पोळीत असते. छातीत दुखणे, भोवळ येणे असा त्रास असल्यास वर्गापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे.

ज्यांना शुल्क परवडत नाही, त्यांनी आरोग्य आपल्या आवाक्याबाहेर आहे असे मानू नये. दोघातिघांनी वेळ ठरवून सकाळी एकत्र चालावे, जिने चढावे, भिंतीला हात टेकून जोर काढावेत आणि खुर्चीवरून उठबस करावी. यात सोबतही आहे आणि ठरलेली वेळही आहे. ज्यांना याउपरही शिक्षकाची वा नियमाची उणीव भासते, त्यांनी ती उणीव भरून निघेल एवढ्यापुरता वर्ग अवश्य लावावा, आणि दर महिन्यास आपली हजेरी मोजावी.