उलटा 'एन' आणि कानशीचे चरे

हाताने घडवलेल्या नकली भागांचा प्रश्न ज्या जुन्या लष्करी रायफलींच्या खरेदीत हमखास येतो, त्यांत मार्टिनी-हेन्री अग्रभागी आहे. ब्रिटिश लष्कराने ही रायफल 1871 मध्ये स्वीकारली. स्विस अभियंता फ्रीड्रिख फॉन मार्टिनी याची यंत्ररचना आणि एडिंबरोचा बंदूककार अलेक्झांडर हेन्री याची सात खाचांची पीळदार नळी यांचा हा मिलाफ होता. लांबी सुमारे 49 इंच, वजन साधारण चार किलो, एका वेळी एकच काडतूस. पुढे मार्क 2, 3 आणि 4 अशा सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि 1888 मध्ये मॅगझिन असलेली ली-मेटफर्ड आल्यावर मार्टिनी-हेन्री मागे पडली.

वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांपर्यंत ती लढाईतली लूट, छावणीतली चोरी आणि मस्कतहून इराणच्या आखातामार्गे चालणारा चोरटा व्यापार अशा वाटांनी पोहोचली. 27 जुलै 1880 रोजी मैवंदच्या लढाईत ब्रिटिश फौजेचा पराभव झाला, तेव्हा 66व्या पलटणीच्या गोऱ्या शिपायांच्या मार्टिनी अफगाणांच्या हाती पडल्या. त्याच लढाईत मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स या देशी पलटणी होत्या, पण त्यांच्या हाती आदल्या पिढीची स्नायडर होती. 1857 नंतर हिंदी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पायरी जुने हत्यार देण्याचे धोरणच होते. त्यामुळे सरहद्दीच्या कारागिरांसमोर नकलेसाठी दोन्ही नमुने आले, आणि आज बाजारात दोघींच्याही नकला सापडतात.

या नकलांना सरसकट 'खैबर पास कॉपी' म्हणतात. नावात थोडी चूक आहे. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र दर्रा आदमखेल खैबर खिंडीत नाही. ते पेशावरच्या दक्षिणेला सुमारे 40 किलोमीटरवर, कोहाटच्या रस्त्यावर आहे. तिथल्या आफ्रिदी कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लहान दुकानांत भट्टी, ऐरण, कानस आणि हाताने फिरवायचे ड्रिल एवढ्या सामग्रीवर रायफली घडवल्या. शेजारी अस्सल रायफल ठेवायची आणि तिच्याकडे बघत तुकडा घासत जायचा, अशी ही पद्धत. हे कौशल्य कौतुकास्पदच आहे. ज्या गिऱ्हाइकासाठी ही रायफल बनत असे, त्याला ती दुकानात बनली हे ठाऊक असे. तिच्यावरचा मुकुट त्याच्या लेखी नक्षीचाच भाग होता. फसवणूक सुरू झाली ती वस्तू परक्या गिऱ्हाइकापुढे गेल्यावर.

डोळ्याने केलेल्या नकलेत आकार चांगला उतरतो. लेखन, माप आणि न दिसणारा अंतर्भाग मात्र निसटतो, म्हणून तपासणी या तीन ठिकाणांपासून करायची असते.

लेखन सर्वांत सोपे. अस्सल मार्टिनीच्या यंत्रपेटीच्या उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाची 'व्ही. आर.' ही आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि मार्कचा आकडा असतो. कारखान्यात मुकुटासारखी खूण एका तयार ठशाने उठवली जात असे, त्यामुळे तिच्या रेषांची खोली सारखी आणि कडा स्वच्छ असतात. नकलेत तोच मुकुट छिन्नीच्या लहान लहान ठोक्यांनी कोरलेला असतो. भिंगाखाली रेषेचे तुकडे वेगळे दिसतात. कारागिराला रोमन लिपी वाचता येत नसे, तो अक्षरांचे चित्र काढत असे. म्हणून 'एनफिल्ड' या कारखान्याच्या नावातला 'एन' उलटा पडतो, एखादे अक्षर गळते, ओळ चढत किंवा उतरत जाते. वर्षाचाही गोंधळ असतो. राणी 22 जानेवारी 1901 रोजी वारली. तिच्या आद्याक्षरांखाली 1906 किंवा 1910 असे साल दिसले की पुढची तपासणी केवळ कुतूहलापोटी करायची.

माप तपासायला व्हर्नियर कॅलिपर पुरतो. कारखान्यातला प्रत्येक भाग गेज लावून पारखलेला असे. एका एनफिल्ड रायफलीचा भाग त्याच मार्कच्या दुसरीत बसावा, हा त्यामागचा हेतू. हाताने घडलेला भाग फक्त स्वतःच्या रायफलीत बसतो. स्क्रू हा इथला उत्तम साक्षीदार आहे. कारखान्याच्या स्क्रूच्या माथ्यावरची खाच अरुंद आणि मधोमध असते, आटे शेवटपर्यंत एकसारखे असतात. हातच्या स्क्रूची खाच करवतीने पाडलेली, रुंद, किंचित तिरकी. आटे कुठे उथळ तर कुठे खोल. नेमावरच्या पट्टीवरील यार्डांच्या रेघांचेही तसेच. त्यांच्यातली अंतरे असमान असतील, तर त्या रेघा शोभेपुरत्या आहेत.

अंतर्भागाचा विचार करताना मार्टिनीची रचना समजून घ्यावी लागते. नळीच्या मागे पोलादी पेटी आणि तिच्यात एक लांबट ठोकळा. हा ठोकळा मागच्या टोकाशी एका आडव्या खिळीवर झुलतो. खालची तरफ पुढे ढकलली की त्याचे पुढचे टोक खाली झुकते आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. अंगठ्याने नवे काडतूस सरकवून तरफ मागे ओढली की ठोकळा वर येऊन नळी बंद करतो. स्ट्रायकर आणि त्याची गुंडाळीची स्प्रिंग ठोकळ्याच्या पोटातच असते. पेटीच्या उजव्या अंगावरचा थेंबाच्या आकाराचा दर्शक रायफल सज्ज आहे की नाही ते सांगतो. या सगळ्यात खुबी आहे ती ठोकळ्याच्या मागच्या गोलाईत. बार उडाल्यावर मागे येणारा धक्का आडव्या खिळीने झेलायचा नसतो. ठोकळ्याची गोल पाठ पेटीतल्या तशाच गोल खोबणीत टेकते आणि सारा जोर पेटीवर जातो. खीळ ठोकळ्याला जागेवर धरण्यापुरती.

ही गोलाई बाहेरून दिसत नाही, आणि कानशीने ती हुबेहूब उतरवणे फार अवघड. नकलेत पाठ आणि खोबणी यांच्यात फट राहते, संपर्क दोन-तीन उंचवट्यांपुरता होतो आणि धक्का खिळीवर येतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, तरफ बंद ठेवून ठोकळा बोटाने मागेपुढे हलवला आणि तो खुळखुळला, तर शंका घ्यावी. विक्रेत्याच्या परवानगीने खीळ काढून ठोकळा बाहेर घेतला, तर उलगडा लवकर होतो. कारखान्याच्या मिलिंग यंत्राचे चरे सरळ, समांतर आणि एकाच दिशेचे असतात. कानशीचे चरे एकमेकांना छेदतात, सपाट पृष्ठाचे लहान पैलू पाडतात आणि कडा गोल करतात. बाहेरचे पृष्ठ घासून पॉलिश करता येते. ठोकळ्याच्या पोटातली पोकळी घासत बसण्याची तसदी सहसा कोणी घेतलेली नसते.

नळीत उजेड टाकून हेन्रीच्या सात खाचा मोजाव्यात. नकलेत त्या कमी असतात, वेड्यावाकड्या असतात, कधी नळी गुळगुळीतच असते. तोंडाशी नळीची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ दिसली, तर भोक मध्य सोडून गेले आहे.

एवढे ठोकताळे हाती आले की काम सोपे वाटते, पण अडचणी इथूनच सुरू होतात. पहिली अडचण अस्सल रायफलीच निर्माण करतात. अनेक मार्टिनी-हेन्री पुढे .303 नळी बसवून मार्टिनी-एनफिल्ड करण्यात आल्या. त्यांच्या उजव्या अंगाला 1880 च्या आसपासचे साल, तर डाव्या अंगाला रूपांतराचे नंतरचे साल असते. दोन साले पाहून नवखा ग्राहक अस्सल वस्तू नाकारतो. सरकारी साठ्यातून विक्रीला काढलेल्या हत्यारांवर टोकाला टोक भिडवलेले दोन बाण उमटवत; तीही खोटेपणाची खूण नव्हे.

दुसरी अडचण हाताने किंवा परक्या यंत्रावर घडलेल्या, पण नकली नसलेल्या रायफलींची. अमीर अब्दुर रहमान खान याच्या काळात काबूलमध्ये सॉल्टर पाइन या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली 'माशीनखाना' उभा राहिला. तिथल्या मार्टिनींवर अफगाण राजचिन्ह आणि हिजरी साल असते. नेपाळमध्ये गहेंद्र शमशेर राणा यांच्या नावाने ओळखली जाणारी रायफल मार्टिनी घराण्यातली, बरीचशी हातावर पुरी केलेली. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला प्रचंड साठा 2003 मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतल्यावर ती बाजारात दिसू लागली. तिचे भाग एकमेकींत बसत नाहीत, तरी तिला बनावट म्हणता येत नाही; ती कोणाच्या नावावर खपवण्यासाठी केलेली नव्हती.

सर्वांत चिवट अडचण मिश्र रायफलींची. सरहद्दीवर अस्सल मार्टिनी मोडली की तुटलेला भाग दर्ऱ्यातच घडवून घेत. नळी आणि पेटी एनफिल्डची, पण स्ट्रायकर, दर्शक किंवा खीळ दुकानातली. अशी दुरुस्ती हा त्या हत्याराच्या आयुष्याचाच भाग आहे आणि तिची किंमत त्या हिशेबाने ठरावी. नव्याने बनवलेला भाग आम्लात बुडवून, गंज चढवून जुना भासवणे ही मात्र सरळ लबाडी. नैसर्गिक गंज कोपऱ्यांत, स्क्रूच्या भोवती आणि लाकडाच्या सांध्यात साचतो आणि हात लागतो तिथे झिजतो. आम्लाचा गंज सगळीकडे सारखा पसरतो, बोट कधीच पोहोचत नाही अशा जागीही. दस्त्याचे लाकूडही पाहावे. ब्रिटिश दस्ते अक्रोडाचे असत. नकलेत शिसम किंवा तसेच दुसरे स्थानिक लाकूड आणि त्यावर गडद रोगण दिसते.

अमेरिकी कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेले बंदुकीसारखे हत्यार पुरातन ठरते आणि त्यावरचे बंधन सैल होते. 2001 नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी स्मरणवस्तू म्हणून मार्टिनी आणि स्नायडर विकत घेतल्या, आणि काल घडलेल्या पेटीवरही 1898 च्या आतले साल उमटू लागले. त्यामुळे सालाचा मेळ बसला म्हणून रायफल अस्सल ठरत नाही. भारतात दुरुस्त करूनही झाडता न येणारे पुरातन हत्यार शस्त्र अधिनियम 1959 च्या परवान्यातून सुटते. झाडण्याजोग्या मार्टिनीला, ती अस्सल असो वा नकली, परवाना लागतो.

नकली पोलादाला योग्य उष्णतासंस्कार मिळालेला असतो की नाही, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून ठोकळा, खीळ, पेटी किंवा नळी यांपैकी एक भाग जरी कानशीने घडलेला निघाला, तरी त्या रायफलीत काडतूस भरू नये.