आधी अंग, मग रंग

१९६३ साली ब्रिटनमध्ये 'डेली मिरर' या दैनिकाच्या पाठबळाने एक छोटी शिडाची होडी बाजारात आली. दूरचित्रवाणीवरून घरगुती दुरुस्तीचे धडे देणारे बॅरी बकनेल आणि नौकांचे आराखडे करणारे जॅक होल्ट यांनी तिची योजना केली होती. सामान्य गृहस्थाने प्लायवूडचे कापलेले तक्ते घरी न्यावेत, तांब्याच्या तारेने ते एकमेकांस शिवावेत आणि सांध्यांवर राळेत भिजवलेली फायबरग्लासची पट्टी चिकटवावी, इतकी ती सोपी होती. अशा 'मिरर' होड्या पुढे हजारोंच्या संख्येने तयार झाल्या.

आजचे हौशी होडीकार बहुधा सांध्यांवर थांबत नाहीत. संपूर्ण होडीवर इपॉक्सी राळेत भिजवलेले फायबरग्लासचे कापड चढवतात. होडी बळकट होते, पाणी लाकडात शिरत नाही. परंतु राळ घट्ट झाल्यावर जे रूप समोर येते, ते पाहून होडीकाराचे मन खट्टू होते. कापडाची वीण उमटलेली, जोडावर उंचवटे आणि राळेचे गोठलेले ओघळ! अशा वेळी 'रंगाखाली सारे झाकले जाईल' असा मोह होतो. ताळेबंद जुळेना म्हणून फरकाची रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकण्यासारखेच हे होय. चकचकीत रंग दोष झाकत नाही, उलट आरशासारखा तो दाखवून देतो.

गुळगुळीतपणाची सुरुवात पाण्याने होते. दमट हवेत घट्ट होताना काही इपॉक्सी राळांच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो. कोकण किंवा केरळच्या किनाऱ्यावर तर हा अनुभव विशेष येतो. हा थर स्वच्छ पाण्याने, खरखरीत घासणीने धुवावा. थिनरने पुसल्यास तो पसरतो आणि न धुता घासल्यास पॉलिशपेपरात भरून बसतो. त्यावर दिलेला रंग पुढे पापुद्र्यांनी निघतो.

यानंतर लांबी भरण्याचे काम येते. इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची पूड, घालून श्रीखंडाइतके दाट मिश्रण करावे व रुंद लवचीक पट्टीने पातळ पसरावे. ही लांबी हलकी असते आणि घासायला मऊ. घासण्यासाठी लाकडी ठोकळा पुरेसा नाही. सुमारे दोन फूट लांबीच्या, किंचित वाकणाऱ्या फळीला ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून, आधी एका तिरप्या दिशेने आणि मग तिला छेदणाऱ्या दुसऱ्या दिशेने घासावे. लहान ठोकळा खड्ड्यात उतरतो आणि खड्डाच वाढवतो. लांब फळी मात्र उंचवटेच तेवढे कापते. गडद रंगाचा विरळ हात आधी मारून ठेवला, तर घासल्यानंतर जेथे तो शिल्लक राहतो तेथे खोलगटपणा आहे हे कळते. डोळ्यांपेक्षा तळहाताचा कौल अधिक खरा. संध्याकाळी दिवा आडवा धरून पाहिले तर उरलेसुरलेही दिसते. कापडाचे धागे दिसू लागताच हात थांबवावा. तेथे होडीचे बळ कमी होत असते.

भरणे, घासणे, पुन्हा भरणे असे तीन-चार वेळा करावे लागते. हेच काम सर्वांत कंटाळवाणे, आणि बहुतेक होड्या येथेच 'आता पुरे' म्हणून रंगवल्या जातात. अखेरीस लांबीवर इपॉक्सीचा एक हात, मग प्रायमर, आणि २२० ते ३२० नंबरच्या पेपरने हलके घासणे.

गोव्यात लाकडी पट्ट्यांवर फायबरग्लास चढवून बांधलेली 'म्हादेई' २००९ साली नौदलात आली. ती काही घरगुती होडी नव्हे. पण लाकूड, कापड आणि राळ यांचे मूळ तंत्र याच जातीचे.

रंग कोणता द्यावा? एकघटकी इनॅमल स्वस्त व दुरुस्तीस सोपे. मात्र काही इनॅमल इपॉक्सीवर लवकर वाळत नाहीत, म्हणून आधी तुकड्यावर पाहावे. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग अधिक टिकतो. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो आणि धुळीचा साधा मास्क तेथे निरुपयोगी ठरतो. घरी तो फवारू नये, हे निक्षून सांगावे लागते. घासतानाही मास्क व हातमोजे हवेतच. गडद रंग उन्हात फार तापतो आणि खालची राळ मऊ पडू शकते, शिवाय दोषही अधिक दाखवतो. पांढरा किंवा फिका रंग समजूतदार.

रंग देताना दोघे असावेत. एकाने फोमच्या रोलरने पातळ हात द्यावा, दुसऱ्याने लगेच मऊ ब्रशचे टोक जेमतेम टेकवत बुडबुडे मोडत जावे. मागे वळून डागडुजी करू नये. वारा नसलेली सकाळ, सावली आणि पाणी शिंपडलेली जमीन एवढी तयारी पुरते. संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी रंग वाळला पाहिजे.

त्याच डब्यातील थोडा रंग झाकण घट्ट लावून राखून ठेवावा. पहिल्या दिवशी किनाऱ्यावर ओढताना वाळू तळाला चरा पाडतेच.