येट्सचे मराठी स्नेही

प्रेम, मैत्री, कला आणि जगणं यांचा विचार आयर्लंडच्या विल्यम बटलर येट्सने कधी वेगवेगळा केला नाही. 1889 साली त्याला मॉड गॉन भेटली. तिने त्याची लग्नाची मागणी पुन्हा पुन्हा नाकारली आणि त्या नकारातून इंग्रजीतल्या काही श्रेष्ठ प्रेमकविता आल्या. लेडी ग्रेगरी यांच्या स्नेहातून 1904 साली डब्लिनचं ॲबी थिएटर उभं राहिलं. या कवीच्या अखेरच्या पर्वातला एक जिवलग मित्र मराठी होता, हे मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. 1931 ते 1939 या त्यांच्या मैत्रीच्या आठ वर्षांकडे मराठी वाचकाने आपलेपणाने पाहायला हवं.

हा मित्र म्हणजे शंकर गजानन पुरोहित. त्यांचा जन्म 1882 साली विदर्भात, बडनेऱ्याला झाला. काही काळ ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, कायदा शिकले. पण ओढा अध्यात्माकडे आणि दत्तभक्तीकडे होता. पुढे संन्यास घेऊन ते श्री पुरोहित स्वामी झाले. भगवान श्री हंस हे त्यांचे गुरू. भारताचं धर्मजीवन पश्चिमेला समजावून सांगावं, या गुरूंच्या आज्ञेवरून ते विलायतेला गेले. 1931 साली लंडनमध्ये कवी स्टर्ज मूर यांनी त्यांची येट्सशी गाठ घालून दिली.

येट्सला भारत नवा नव्हता. विशीत असताना, 1885 च्या सुमारास, त्याने डब्लिनमध्ये मोहिनी चॅटर्जींची वेदान्तावरची प्रवचनं ऐकली होती. 1912 साली रवींद्रनाथांच्या इंग्रजी ‘गीतांजली’ला प्रस्तावना लिहिली होती. पण त्या भेटी विचारांच्या होत्या. स्वामींशी जुळलं ते ऐन पोकळीच्या काळात. मे 1932 मध्ये लेडी ग्रेगरी वारल्या. पस्तीस वर्षांचा आधार गेला आणि येट्सची कविता जवळजवळ थांबली. त्याच वर्षी त्याच्या प्रस्तावनेसह स्वामींचं आत्मचरित्र ‘ॲन इंडियन मंक’ प्रसिद्ध झालं. सत्तरीकडे झुकलेला कवी एका संन्याशाच्या तीर्थयात्रा, उपासतापास आणि गुरुभक्ती इतक्या आस्थेने वाचत होता, कारण त्यात त्याला हवं ते सापडलं होतं: अंगावर झेललेली, जगून पारखलेली श्रद्धा.

1934 साली ‘द होली माउंटन’ आलं. हंसस्वामींनी केलेल्या मानससरोवर-कैलास यात्रेचं हे वर्णन मुळात मराठीत लिहिलेलं. इंग्रजी अनुवाद पुरोहित स्वामींचा, प्रस्तावना येट्सची. क्रोग पॅट्रिकचा डोंगर अनवाणी चढणारे यात्रेकरू ज्या आयर्लंडमध्ये आहेत, तिथल्या माणसाला दत्तदर्शनासाठी हिमालय तुडवणारा मराठी साधक परका वाटायचं कारण नव्हतं. या वाचनाचा ठसा येट्सच्या ‘मेरू’ या सुनीतावर उमटला. बर्फातल्या साधूंना समोर ठेवून येट्स संस्कृतींच्या उदयास्ताकडे पाहतो. म्हणजे मराठीत लिहिलेली एक यात्रा विसाव्या शतकातल्या एका मोठ्या इंग्रजी कवितेच्या मुळाशी आहे.

1935 च्या अखेरीस दोघे स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले, दहा उपनिषदांचं भाषांतर करायला. येट्सला संस्कृत येत नव्हतं. स्वामी मूळ अर्थ सांगत, येट्स त्याला बोलीच्या जवळचं, म्हणताना कानाला गोड लागणारं इंग्रजी रूप देई. पंडिती जडपणाने उपनिषदं सामान्य वाचकापासून तुटतात, हे त्याचं दुखणं होतं. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानोबांच्या आळंदीशेजारी राहणाऱ्या आपल्याला ही तळमळ वेगळी समजावून सांगायला नको. जानेवारी 1936 मध्ये येट्स गंभीर आजारी पडला, तरी काम सुटलं नाही. मे महिन्यात स्वामी भारतात परतले. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही. 1936 साली येट्सने संपादित केलेल्या आधुनिक इंग्रजी कवितेच्या ऑक्सफर्ड संग्रहात स्वामींच्या कविता आल्या. पुढच्या वर्षी ‘द टेन प्रिन्सिपल उपनिषद्स’ प्रसिद्ध झालं, त्यावर दोघांची नावं होती.

संन्याशाच्या सहवासात येट्स विरक्त झाला नाही. उलट त्याच्या अखेरच्या कवितेत देह, वासना, म्हातारपणाचा संताप हे सगळं अधिक उघडपणे आलं. तरीही मैत्री टिकली, आणि मला तीच या मागोव्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शिष्य करण्याचा अट्टहास नाही आणि पूर्वेकडच्या गूढाचं नुसतं कौतुकही नाही. एकाच मजकुरावर दोघांनी मेहनत केली. 1937 साली डब्लिनच्या चित्रदालनात स्नेह्यांची चित्रं पाहून लिहिलेल्या कवितेत येट्सने आपल्या मोठेपणाचं माप मित्रांच्या हाती दिलं. स्वामींचं चित्र त्या दालनात नव्हतं, पण त्या मापात तेही बसतात.

28 जानेवारी 1939 रोजी येट्स फ्रान्समध्ये वारला; 1941 साली स्वामी गेले. पुण्यात येट्स शिकवला जातो आणि दत्तसंप्रदायाचा अभ्यासही होतो. हे दोन वर्ग एकमेकांना क्वचितच भेटतात. हंसस्वामींची यात्रा, स्वामींचं आत्मचरित्र आणि ‘मेरू’ ही तीन पुस्तकांतली पानं शेजारी ठेवून वाचली, तर येट्स अधिक कळेल. आणि आपल्या भाषेतला अनुभव किती दूरवर पोचू शकतो, हेही कळेल.