रामलिंगच्या घाटात, बार्शी लाईटच्या जुन्या वाटेवर

बालाघाटाच्या या भागात कोळसा नाही, लोखंड नाही की मँगनीजही नाही. आहे तो काळा पाषाण, त्याच्या पोकळ्यांतल्या पांढऱ्या गारगोट्या आणि माळरानावर विखुरलेले चुनखडे. खनिजासाठी इथे कुणी डोंगर पोखरला नाही. तरी माणसाने हा डोंगर सुरुंग लावून फोडला, त्यातून आपलं काम साधलं आणि गरज संपल्यावर तो तसाच सोडून दिला. त्या कामाच्या खुणा बघायच्या असतील तर धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीजवळच्या रामलिंगच्या घाटात पायी उतरायला हवं.

भूमहून निघालं की वाशीवरून येरमाळ्याला यायचं आणि तिथून सोलापूर-धुळे महामार्गाने येडशी गाठायची. येरमाळ्याला थोडं थांबावं. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत पालखी आमराईकडे निघते, तेव्हा वाटेतल्या चुन्याच्या रानात लाखो भाविक वाकून चुनखडी वेचतात. कुदळ नाही, पहार नाही, नुसत्या हातांनी वेचलेले खडे देवीला वाहायचे. जमिनीतून दगड काढण्याची इतकी सौम्य रीत मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

येडशीच्या पुढे जमीन एकदम खचते. रामलिंगाचं देऊळ वर माथ्यावर नाही, खाली घळीत आहे आणि पायऱ्या उतरून तिथे जावं लागतं. सीतेसाठी लढताना घायाळ झालेला जटायू इथेच पडला, रामाने बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, अशी इथली श्रद्धा. पावसाळ्यात देवळामागून धबधबा कोसळतो आणि श्रावणी सोमवारी बार्शी, कळंब, धाराशिवकडची माणसं घळीत मावत नाहीत. देवदर्शन झालं की बहुतेक जण माकडांना चुकवत परत फिरतात. दरी ओलांडणाऱ्या जुन्या रेल्वेपुलाकडे काही जण फोटोपुरते वळतात. खरी पायवाट मात्र त्याच्या पुढे आहे.

ही वाट म्हणजे बार्शी लाईट रेल्वेचा सोडून दिलेला मार्ग. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने या भागाची पाहणी केली. त्याने 1895 मध्ये लंडनमध्ये कंपनी नोंदवली आणि 1897 मध्ये आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हे त्याने इथे सिद्ध करून दाखवलं. (याच माणसाने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं.) बार्शीची बाजारपेठ कापसाची, तर वर लातूरची बाजारपेठ धान्याची. मधे बालाघाट. पूर्वी हा घाट बैलगाड्यांनी चढावा लागे. 1911 मध्ये रूळ लातूरला पोचले. पुढे 1927 मध्ये दुसऱ्या बाजूने मिरज गाठल्यावर हा मार्ग सव्वातीनशे किलोमीटरचा झाला. 1954 मध्ये तो सरकारने ताब्यात घेतला.

घाट चढवायचा म्हणजे डोंगर फोडावाच लागतो. जुन्या वाटेवर दोन्ही अंगांना उभा कातळ येतो तिथे जरा थांबून हात लावून बघावं. उन्हाने तापलेला, कडेला ओबडधोबड सोललेला पाषाण. मधेच पोकळीत साखरेच्या खड्यांसारख्या चमकणाऱ्या गारगोट्या. हा लाव्हाचा थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो फोडणाऱ्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. दख्खनभर रेल्वेची, तलावांची आणि रस्त्यांची दगडफोड वडार समाजाने पिढ्यानपिढ्या केली. कंपनीच्या इतिहासात इंजिनांचे क्रमांक नीट लिहिलेले सापडतात आणि दगड फोडणाऱ्या हातांची नोंद सापडत नाही, याची खंत या कातळापाशी उभं राहिलं की फार जाणवते.

हा घाट सरहद्दही होता. खाली बार्शी मुंबई इलाख्यात, वर येडशी आणि भूम निजामाच्या राज्यात. 17 सप्टेंबर 1948 ला मराठवाडा मुक्त झाला, तोवर या गाडीचे प्रवासी डब्यात बसल्या बसल्याच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात. पाण्याचीही इथे वाटणी होते. डोंगराच्या एका अंगाचं पाणी सीनेतून भीमेला आणि कृष्णेला मिळतं. भूमची बाणगंगा याच बाजूची. दुसऱ्या अंगाचं पाणी तेरणा-मांजरेवाटे गोदावरीला जातं.

जिल्ह्याचं मुख्यालय असलेलं धाराशिव शहर या छोट्या रेल्वेच्या वाटेवर कधीच नव्हतं. तिथे रूळ आले ते ब्रॉडगेज झाल्यावर, 2007 च्या सुमारास, आणि 2008 मध्ये हा मार्ग कुर्डुवाडीला जोडला गेला. नवी लाईन नव्या आखणीने गेली, त्यामुळे जुन्या घाटाचा मोठा भाग एकाकी पडला. रूळ उचलले गेले, भराव राहिले. आता त्यांवर पळस, धावडा, सीताफळ वाढलं आहे. सीताफळाच्या हंगामात भरावाच्या उतारावरच फळं लागलेली दिसतात.

येडशी-रामलिंग अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. ते जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं. 2024 च्या डिसेंबरमध्ये इथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला, यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला. वन विभागाने त्याला पकडायचे प्रयत्न केले, तो हाती लागला नाही आणि आसपासच्या तालुक्यांत फिरत राहिला. या बातमीने लोक घाबरले, ते साहजिकच होतं. पण एवढ्याशा जंगलाने एवढ्या मोठ्या जनावराला थारा दिला, ही या डोंगराची थोरवीही लोकांनी ध्यानात घ्यायला हवी.

जुन्या मार्गाची अधिकृत पायवाट करावी. कातळाच्या कापणीपाशी भूगर्भाची माहिती आणि पुलापाशी बार्शी लाईटचा इतिहास लिहावा. वडारांच्या कामाची नोंद व्हावी. त्याला मोठा खर्च नको, वन विभाग आणि रेल्वेने एकत्र बसायला हवं. भराव दर पावसाळ्यात थोडे थोडे वाहून जात आहेत, तेव्हा हे काम रेंगाळू देऊ नये.

जाणाऱ्यांनी अभयारण्यात शिरण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी. एकट्याने जाऊ नये, अंधार पडायच्या आत परतावं. वापरात असलेल्या ब्रॉडगेज रुळांवर पाय ठेवू नये आणि जुन्या पुलाच्या कठड्यांवर चढू नये. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. मार्चनंतर घळीत पाणी उरत नाही आणि कातळ दुपारी भाजून काढतो.