टायरात सहा पौंड हवा

काशीमिऱ्याच्या नाक्यावर कुठल्याही पंक्चरवाल्यासमोर मोटार उभी केली, की तो विचारतो, ‘‘किती हवा?’’ आपण म्हणतो, बत्तीस. त्याला एकदा सांगून बघा, सहा भर. तो आधी टायरकडे बघेल, मग तुमच्याकडे. सहा पौंड हवेला आपल्याकडे पंक्चर म्हणतात. पण लोणावळ्यापासून पाचगणीपर्यंत डोंगरउतारांवर फुगीर टायरांची जी छोटी चारचाकी लोक मांड टाकून चालवतात, तिच्या टायरात एवढीच हवा असते, पाच ते सात पौंड. तिला एटीव्ही म्हणतात, कुणी क्वाड बाईक म्हणतं. मोटारीची सहल आखताना हॉटेल आणि नाश्ता ठरला की झालं. या गाडीची सहल आखायची तर सुरुवात या सहा पौंडांपासून करावी लागते, कारण पुढचं सगळं तिथून निघतं.

टायर जमिनीवर जेवढा दाब देतो, तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो. रबराचा ताठपणा तेवढा हिशेबातून सोडून द्यायचा. बाराशे किलोची मोटार बत्तीस पौंडांवर उभी असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो दाब पडतो. भागाकार केला, की चारही टायर मिळून जमिनीला टेकलेली जागा निघते सुमारे ५३० चौरस सेंटिमीटर. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे आपली अख्खी मोटार एका झेरॉक्सच्या कागदापेक्षा कमी जागेवर उभी असते!

आता एटीव्ही. गाडी सव्वातीनशे किलो, वर चालवणारा पंचाहत्तर, मिळून चारशे. सहा पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.४२ किलो. टेकलेली जागा निघते ९५० चौरस सेंटिमीटर, दीड कागद. वजन मोटारीच्या तिसऱ्या हिश्श्याचं आणि पाऊल जवळजवळ दुप्पट. आणि माणूस? चालताना मधल्या क्षणी सगळा भार एकाच पावलावर असतो. पासष्ट किलोच्या माणसाचं पाऊल दीडशे चौरस सेंटिमीटर टेकलं असं धरलं, तर दाब येतो ०.४३. म्हणजे चारशे किलोचं हे धूड जमिनीवर तुमच्या चपलेइतकाच दाब देतं. जिथे तुमचा पाय रुतत नाही, तिथे तीही रुतत नाही. ती चिखल ओलांडते, धोंड्यावर चढते, ते इंजिनाच्या ताकदीने कमी आणि या मऊ टायरांनी जास्त. टायर धोंड्यावरून उडत नाही, त्याच्याभोवती आकार घेतो. (साध्या पंपाचा काटा एवढ्या खाली भरवशाने वाचताच येत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. गाड्या भाड्याने देणाऱ्याकडे तो आहे का, यावरून त्या माणसाची पारख होते.)

ही कल्पना सुचली ती धंद्याच्या अडचणीतून. अमेरिकेत थंडी पडली की मोटारसायकली खपेनाशा होत. तिथल्या विक्रेत्यांना हिवाळ्यात विकायला काहीतरी हवं होतं. होंडाचे अभियंते ओसामू ताकेउची यांनी दोन, तीन, चार, पाच, अगदी सहा चाकं लावून नमुने तपासले आणि शेवटी तीन चाकांवर शिक्कामोर्तब केलं. बर्फात, वाळूत, चिखलात तेच चपळ वाटत होतं. १९७० मध्ये बाजारात आलेल्या त्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या, शॉकअप नव्हते. टायर हेच सस्पेन्शन. पुढे ती इतकी खपली आणि इतकी उलटली, की १९८८ मध्ये अमेरिकी सरकार आणि कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत समझोता होऊन तीनचाकी नव्याने विकणं बंद झालं. तोवर सुझुकीने १९८२ मध्ये चौथं चाक लावलं होतं. आज आपण भाड्याने घेतो ती त्या चौथ्या चाकाची पोरंबाळं.

चौथं चाक आलं म्हणून उलटणं थांबलं नाही. मोटार वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी; हा फरक डिफरन्शियल सांभाळतं. बहुतेक एटीव्हींची मागची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट जखडलेली असतात. दोन्ही सारखीच फिरणार. त्यामुळे गाडीला वळायचंच नसतं, सरळ जायचं असतं. मग वळवते कोण? तुमचं अंग. धड वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं, पाय बाहेरच्या फूटरेस्टवर दाबायचा, म्हणजे आतलं चाक हलकं होऊन थोडं घसरतं आणि गाडी वळते. चढावर पुढे रेलायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावर डोंगराच्या बाजूला कलायचं. गाडीचं वजन सव्वातीनशे आणि वरचा माणूस पंचाहत्तर, म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा जागा बदलू शकतो, तोही सगळ्यात उंचावरचा. एवढा मोठा हलता भाग दुसऱ्या कुठल्या चारचाकीत आहे, मला तरी आठवत नाही.

म्हणूनच एका माणसासाठी बनवलेल्या गाडीवर मागे दुसरा बसवला, की ती धोक्याची होते. दोघांना एकदम एका दिशेने कलणं जमत नाही. आणि पुढे टाकीवर पोर बसवून फोटो काढणारे बाप दिसतात, त्यांना थांबवायला हवं. त्या पोराच्या हाताशी काय असतं बघा: या गाडीचा ॲक्सिलरेटर मुठीत नसतो, उजव्या अंगठ्याखाली एक छोटी खटकी असते. खड्ड्यात आदळल्यावर माणूस मूठ आवळून मागे फेकला जातो, आणि मोटारसायकलसारखी पिळायची मूठ असती तर नेमकं त्या क्षणी इंजिन उसळलं असतं. अंगठा सुटला की खटकी आपोआप मागे जाते. पोराचा हात तिच्यावर पडला, की ही सगळी अक्कल वाया.

आता प्रश्न, न्यायची कुठे. मीरा-भाईंदरकराला वाटतं, डोंगर तर दारात आहे. भाईंदर पूर्वेच्या कुठल्याही गच्चीवरून तो दिसतो. घोडबंदर रस्त्याला लागलं, की चेण्याच्या अलीकडे-पलीकडे झाडीच झाडी. पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, बिबट्यांचं घर. रस्त्याच्या उत्तरेचा, खाडीकडचा नागला ब्लॉकही उद्यानातलाच. खाडी ओलांडली की तुंगारेश्वर, ते अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हौसेच्या इंजिनाला तिथे थारा नाही, आणि तेच बरोबर आहे. उलट बाजूला मिठागरं आणि खारफुटी. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायमचीच बंदी घातली. जवळचं थंड हवेचं ठिकाण म्हणावं तर माथेरान, आणि तिथे मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जातच नाहीत.

रस्त्यावर तरी? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक जागी नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही, आणि इथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक एटीव्ही नोंदणीच्या चौकटीत बसत नाहीत. त्या बंदिस्त आवारात चालवायच्या. पोलॅरिस कंपनीने यातून मोठी गमतीची वाट काढली: आपलं ५७० सीसीचं एक मॉडेल भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून विकायला आणलं. म्हणजे नांगराच्या जातीत नाव लावून ती रस्त्यावर आली. पण ती चालवत लोणावळ्याला निघाल असं समजू नका, कारण द्रुतगती महामार्गावर ट्रॅक्टरलाही मनाई आहे.

तेव्हा उरतं ते असं: आपली मोटार घ्यायची, गायमुखच्या घाटात अवजड गाड्यांची रांग लागायच्या आत, म्हणजे उजाडायच्या आधीच, मीरा रोड सोडायचं आणि ठाणे-पनवेलमार्गे शंभरेक किलोमीटरवर मावळ गाठायचा. तिथे खासगी जमिनीत ट्रॅक आखलेले आहेत.

या प्रवासात खंडाळ्याचा घाट लागतो, तिथे गाडी चालवत नसाल तर डोंगर कापलेल्या भिंतींकडे बघा. काळ्या कातळाचे आडवे थर, एकावर एक. मधूनच विटकरी रंगाचा पट्टा. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे जमीन फाटून लाव्हा वाहत राहिला, थांबून थांबून. प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एक पूर. दोन पुरांच्या मधल्या काळात वरच्या थराची ऊन-पावसाने कुजून माती झाली, तिच्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. तो विटकरी पट्टा ही त्या भाजलेल्या मातीची रेघ. आज हा कातळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तुमच्या ट्रॅकचं सगळं वागणं या थरांनी ठरवलेलं असतं.

कातळ झिजला की त्याचा मुरूम होतो. कोरड्या मुरुमाचे दाणे उतारावर चाकाखाली घरंगळतात. ब्रेक दाबला तर चाक थांबतं, गाडी थांबत नाही. तिथे ब्रेकपेक्षा खालचा गिअर आणि इंजिनाची ओढ कामाची. हाच मुरूम पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आत ओल धरून बसलेला असतो आणि टायर त्याला झकास चावतो. माझ्या मते एटीव्हीचा खरा हंगाम हाच. जानेवारीनंतर पुढच्या गाडीची धूळ खात जावं लागतं. सखल भागात, भातखाचरांच्या कडेने, चिकण मातीचा पट्टा येतो. ओली झाली की ती टायरच्या खाचांत लिंपून बसते. मग कितीही मोठ्या खाचा असोत, टायर गुळगुळीत होतो आणि चाक नुसतं फिरत राहतं.

पावसाळ्यात मजा जास्त, असं जाहिराती सांगतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तुमच्या वाटेवरच्याच खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं प्रवाहात वाहून गेली, आणि त्यानंतर पुणे जिल्हाधिकाऱ्यांनी मावळ-मुळशीतल्या पर्यटनस्थळांसाठी बंदीचे आदेश काढले. त्या महिन्यांत जायचंच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी आदेश बघा, हवामान खात्याचा इशारा बघा, आणि लाल असेल तर आगाऊ दिलेल्या पैशांवर पाणी सोडा.

बाकीचं सोपं आहे. डोक्याला नीट बसणारं हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट (सँडल घालून आलेल्यालाही जो गाडी देतो, त्याच्याकडून घेऊ नये), पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि आधी सपाट जागी थोडा सराव.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे गाडी अगदी सहज जाईल आणि जाऊ नये. डोंगराच्या माथ्यावरचा सडा. लाखो पावसांनी कातळातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो जांभा. पाचगणीचं टेबललँड जांभ्याचं, कासचं पठारही. वरून उजाड खडक दिसतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं, इथे काय बिघडणार! ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच खडकाजवळ बसून बघा. जेमतेम बोटाच्या पेराएवढी माती, आणि तिच्यात सीतेच्या आसवांची जांभळी फुलं उभी. त्या मातीत खायला फारसं काही नाही म्हणून या इवल्या झाडाने जमिनीलगत टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या तयार केल्या आहेत. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या झडपेला लागला, की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी आत ओढला जातो. शेजारी गेंदाची पांढरी बोंडं, कवल्याची पिवळी फुलं. पावसाळा सरला की सगळं बियांच्या रूपात त्या पेरभर मातीत झोपतं.

वरच्या हिशेबाने एटीव्हीचा दाब चपलेएवढाच आहे, मग ही फुलं तिला घाबरतील कशाला? चप्पल टेकते आणि उचलली जाते. चाक माती मागे ढकलतं, तेव्हाच गाडी पुढे जाते. वळताना ते जखडलेलं आतलं चाक घसरणार, म्हणजे खरवडणारच. पेरभर मातीत एकदा चाकोरी पडली, की पुढच्या पावसात पाणी तीच वाट धरतं आणि उरलीसुरली माती, बियांसकट, कड्यावरून खाली नेतं. खाली मुरुमाच्या ट्रॅकवर पडलेली चाकोरी फावड्याने बुजवता येते. सड्यावरची बुजवायला माती आणायची कुठून?

म्हणून बुकिंग करताना दरासोबत एवढं विचारून घ्या, की ट्रॅक कुठून जातो, जमीन कुणाची, आणि रोज तोच ठरलेला ट्रॅक वापरता का. ‘‘तुम्ही म्हणाल तिथे नेतो, पठारावरपण नेतो,’’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.