मरीना म्निशेख: आधी मुकुट, मग मंगलविधी

मे १६०४ मध्ये पोलंडच्या राज्यातल्या सांबोर येथे (आज ते युक्रेनमध्ये आहे) एक लग्नाचा करारनामा झाला. नवरदेव मॉस्कोच्या गादीवर बसला की सासऱ्याला दहा लाख झ्लोटी आणि वधूला नोव्हगोरोद व प्स्कोव्ह हे दोन प्रांत, तेही स्वतःच्या मालकीचे. वर्षभरात गादी मिळाली नाही, तर सोयरीक मोडायची की आणखी वाट पाहायची, हे वधूने ठरवायचे.

वधू होती मरीना म्निशेख. वय पंधरा-सोळाच्या आसपास. वडील येर्झी हे सांदोमियेझचे सुभेदार. घराणे मोठे आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. नवरदेव स्वतःला झार ‘इव्हान द टेरिबल’चा धाकटा मुलगा दिमित्री म्हणवत होता. खरा दिमित्री १५९१ मध्ये उग्लिच येथे, आठ वर्षांचा असताना, गळ्याला सुरी लागून मेला होता.

तरीही तोतयाचे फावले. १६०१ पासूनच्या दुष्काळाने रशिया खंगला होता आणि झार बोरिस गोदुनोव्ह जुन्या राजघराण्यातला नव्हता. एप्रिल १६०५ मध्ये तो अचानक वारला, फौज फिरली आणि जूनमध्ये तोतया मॉस्कोत शिरला. मृत राजपुत्राच्या आईनेही ‘हाच माझा मुलगा’ म्हणून त्याला जवळ घेतले.

नोव्हेंबरात क्राकोमध्ये, पोलंडचा राजा सिगिस्मुंड याच्या उपस्थितीत, लग्नविधीला नवरदेवाच्या जागी त्याचा वकील व्लास्येव्ह उभा राहिला. झारने आणखी कोणाला लग्नाचे वचन दिले आहे का, असे विचारल्यावर तो उत्तरला की, मला तसे काही सांगितलेले नाही. भावी राणीचा हात उघड्या हाताने धरायलाही तो तयार होईना. त्याने आपला हात कापडात गुंडाळला.

मला महत्त्वाचा वाटतो तो मात्र ८ मे १६०६ चा दिवस. क्रेमलिनच्या उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये मरीनाला आधी मुकुट घालण्यात आला आणि नंतर नवरदेवाशी प्रत्यक्ष लग्न लागले. रशियात राज्याभिषेक झालेली ही पहिली स्त्री. ती कॅथलिक होती आणि ऑर्थोडॉक्स पद्धतीचा प्रसाद तिने घेतला नाही. मॉस्कोचे लोक संतापले. १७ मेच्या पहाटे सरदार वासिली शुइस्कीच्या कटवाल्यांनी तोतयाला ठार केले. अवघ्या नऊ दिवसांचा संसार.

मरीना वाचली आणि वडिलांसह यारोस्लाव्हलला नजरकैदेत गेली. १६०८ मध्ये सुटका होताच ती मॉस्कोजवळच्या तुशिनो येथे, दुसऱ्या तोतयाच्या छावणीत पोहोचली. हा आपणच बचावलेला दिमित्री असल्याचे सांगत होता. मरीनाने त्याला नवरा म्हणून ओळख दिली आणि गुपचूप लग्नही केले.

इथे इतिहासकारांनी आणि नाटककारांनी तिला सत्तेची हावरी ठरवले. पुश्किनच्या ‘बोरिस गोदुनोव्ह’ नाटकातली मरीना तशीच आहे. महत्त्वाकांक्षा तिच्यात होतीच, पण ती कशावर उभी होती हे पाहिले पाहिजे. १६१० च्या जानेवारीत तिने सिगिस्मुंडला लिहिलेल्या पत्राचा आशय असा, की दैवाने सगळे नेले, तरी राज्याभिषेकाने मिळालेला गादीचा हक्क उरला आहे. सांबोरचा करार वडिलांनी केला होता. हा दावा तिचा स्वतःचा होता आणि त्यासाठी नवरा खरा असण्याची गरज नव्हती. तिच्या डोक्यावरचा मुकुट खरा होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरा तोतया कालुगाजवळ मारला गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मरीनाला मुलगा झाला, इव्हान. कॉसॅक सरदार झारुत्स्की मायलेकांना घेऊन आस्त्राखानपर्यंत पळाला. १६१४ च्या उन्हाळ्यात तिघे याईक नदीकाठी पकडले गेले. झारुत्स्कीला सुळावर चढवले आणि जेमतेम तीन वर्षांच्या इव्हानला मॉस्कोत जाहीर फाशी दिली. मरीना कैदेत संपली.

गादीवर तेव्हा मिखाईल रोमानोव्ह होता. त्याचे वडील फिलारेत तुशिनोच्या छावणीत, मरीनाच्या दुसऱ्या नवऱ्याच्या पदरी, धर्मगुरूंचे प्रमुख म्हणून राहिले होते.