दरी सरकारची, धंदा तुमचा: कॅम्पिंगच्या व्यवसायात उतरण्याआधी हे वाचा



दिवाळी जवळ आली की माझ्या ताडपत्री आणि दोरखंडाच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "भाऊ, टेंट भेटन काय? चिखलदऱ्याकडे कॅम्पिंग चालू करतो म्हणतो." विचारणारी बहुतेक पोरं पंचवीस-तिशीतली असतात. कोणाची संत्र्याची बाग आहे, कोणाची नोकरी सुटली आहे, कोणी इन्स्टाग्रामवर दरीच्या काठावरचा केशरी टेंट पाहिलेला असतो. सगळ्यांचं गणित एकच: जागा फुकट, टेंट एकदाच घ्यायचा, मग प्रॉफिटच प्रॉफिट.

इथेच गाडी चुकते. मी स्वतः ताडपत्री विकतो, तरी सांगतो, आधी टेंट घेऊ नका. आधी हा धंदा नेमका कशाचा आहे ते समजून घ्या.

तुम्ही विकता काय?

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. सालबर्डीला महाशिवरात्रीची यात्रा भरते. हजारो लोक डोंगर चढतात. तिथे दुकान लावणारा माणूस महादेव विकत नाही, डोंगरही विकत नाही. तो पाणी, फराळ, प्रसाद आणि बसायला सावली विकतो. डोंगर सगळ्यांचा आहे, सेवा त्याची आहे.

कॅम्पिंगचंही तसंच आहे. चिखलदऱ्याचा पंचबोल पॉइंट असो, भीमकुंड असो की अकोट तालुक्यातला नरनाळा किल्ला, ही दृश्यं तुमच्या मालकीची नाहीत आणि कधी होणारही नाहीत. तुम्ही विकता ते जेवण, पाणी, वाट दाखवणारा माणूस, स्वच्छ संडास आणि सुखरूप परत येण्याची खात्री. "माझ्याकडे व्ह्यू आहे" हा बिझनेस प्लॅन नाही. व्ह्यू शेजारच्याकडेही आहे.

सरकारी जमीन म्हणजे मोकळी जमीन नाही

आपल्याकडे सरकारी म्हणजे कोणाचीच नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात उलट आहे. राखीव जंगलाला भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो. विनापरवानगी घुसणं आणि आग पेटवणं हा त्यात गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागतो आणि आत जायलाच परवाना लागतो. मेळघाट तर देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे कोलकास, सेमाडोह, शहानूर इथे वन विभागाची स्वतःची राहण्याची सोय आहे. रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि दोन टेंट ठोकले, असं तिथे चालत नाही.

मग धंदा करायचा कुठे? याचं चांगलं उत्तर सांदण दरीत बघायला मिळतं. अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात साम्रद नावाचं गाव आहे. गावाशेजारी बेसॉल्टच्या कातळात खोल, अरुंद भेग पडली आहे. काही ठिकाणी इतकी अरुंद की ऊन तळापर्यंत पोचत नाही. अमेरिकेत ज्याला कॅनियन म्हणतात, त्याचा हा आपला सह्याद्रीतला अवतार. दरी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येते, म्हणजे नियम वन विभागाचे. पण जेवण गावातल्या घरचं, वाटाड्या गावातला आणि गाडी लावायची जागाही गावातली. दरी सरकारची, पाहुणचार गावाचा. पैसा पाहुणचारात आहे.

आपल्यासाठी धडा सरळ आहे. हद्दीबाहेरचं खाजगी शेत बघा. ते स्वतःचं किंवा लेखी भाडेकरार केलेलं पाहिजे. टेंट तिथे लागतील. जंगलात फक्त दिवसा, ठरलेल्या वाटेने, परवानगी घेऊन. शेतकरी असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण वाचा. रॅपलिंग, ट्रेकिंग, क्लायंबिंग असं काही देणार असाल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. जेवण देणार म्हणजे अन्न परवान्याची नोंदणी आलीच. हे कागद कटकटीचे वाटतात, पण अपघात झाला तर पहिला प्रश्न याच कागदांचा येतो.

अमेरिकेकडून काय शिकायचं?

युटा आणि ॲरिझोना ही अमेरिकेतली वाळवंटी राज्यं. तिथे लाल दगडाच्या दऱ्या आहेत आणि त्यांतली बरीच जमीन केंद्र सरकारची. 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' ही संस्था देशभरात सुमारे २४.५ कोटी एकर जमीन सांभाळते. साधा माणूस तिथे बऱ्याच जागी फुकट टेंट लावू शकतो, साधारण १४ दिवसांपर्यंत. पण तुम्ही पैसे घेऊन लोकांना नेणार असाल तर वेगळा परवाना आणि फी. मौज आणि धंदा यांत तिथेही फरक केलेला आहे.

दुसरी गोष्ट संख्येची. तिथे 'द वेव्ह' नावाची लाटेसारखी दगडी जागा आहे. दिवसाला जास्तीत जास्त ६४ लोकांना प्रवेश, तोही लॉटरीने. आपल्याला वाटेल, एवढं गिऱ्हाईक परत का पाठवायचं? पण गर्दी झाली की दगड झिजतो, कचरा होतो आणि ज्यासाठी माणूस आला तेच संपतं. तुमच्या शेतात ४० टेंट मावतात म्हणून ४० लावू नका. संडास आणि पाणी जितक्या लोकांना पुरेल, तितकीच तुमची कपॅसिटी.

तिसरी गोष्ट घाणीची. कोरड्या दगडी जागेत माती कमी आणि ओल कमी, म्हणून घाण लवकर कुजत नाही. तिथल्या अनेक अरुंद दऱ्यांमध्ये माणसाची विष्ठासुद्धा पिशवीत भरून परत न्यावी लागते. आपल्या सातपुड्यातही उन्हाळ्यात कातळ तापलेला आणि ओढे आटलेले असतात. "जंगलात जाऊन या" असं पाहुण्याला सांगणारा कॅम्प दोन सीझनमध्ये वासानेच बंद पडतो. पहिला खर्च संडासाचा करा.

पाणी कुठून येईल ते आभाळ सांगत नाही

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. दरीवर पाऊस जवळपास नव्हताच. पाऊस कित्येक मैल वर पडला आणि त्याचं पाणी अरुंद भेगेत भिंतीसारखं आलं. ती जागा नवाहो आदिवासींच्या ताब्यात आहे. आज तिथे स्थानिक गाइडशिवाय कोणालाच आत सोडत नाहीत. म्हणजे सुरक्षा वाढली आणि स्थानिकांना रोजगारही मिळाला.

लांबचं सोडा. १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा जीव गेला. पाण्याचं दुःख काय असतं ते आपल्या तालुक्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून चार नियम भिंतीवर लिहून ठेवा:

१. जून ते सप्टेंबर दरीत आणि ओढ्यात कोणालाही उतरवायचं नाही. बुकिंग गेलं तर जाऊ द्या.
२. हिवाळ्यातही टेंट ओढ्याच्या पात्रात किंवा धारेलगत लावायचा नाही. वाळू मऊ असते, पण ती पाण्यानेच आणलेली असते.
३. हवामान खात्याचा अंदाज फक्त आपल्या गावाचा नाही, वरच्या डोंगराचाही बघायचा.
४. वाटाड्या "आज नको" म्हणाला की मालकानेही हट्ट करायचा नाही.

आणि आगीचं विसरू नका. फेब्रुवारीच्या मध्यानंतर सागाची पानं गळतात आणि वणव्याचे दिवस सुरू होतात. शेकोटी फक्त शेतात, घमेल्यात, शेजारी पाण्याची बादली ठेवून. जंगलात काडीसुद्धा ओढायची नाही.

आता गणित

खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्या बाजारभावाने बदलून घ्या.

दोन माणसांचे १० टेंट, ४,००० रुपयांप्रमाणे ४०,०००. मॅट आणि स्लीपिंग बॅगचे २० सेट, १,८०० रुपयांप्रमाणे ३६,०००. भांडी, गॅस, टाक्या, दिवे ३०,०००. दोन संडास ४०,०००. प्रथमोपचार, दोर, स्ट्रेचर १४,०००. एकूण १,६०,०००.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे अंदाजे १७ शनिवार. दर शनिवारी सरासरी १० माणसं आली, म्हणजे निम्मा कॅम्प भरला, असं धरू. झाले १७० लोक. माणशी १,२०० रुपये घेतले, तर गल्ला २,०४,०००. ऐकायला छान! पण माणशी जेवण-नाश्ता ३५०, वाटाड्या आणि मदतनीस २००, पाणी-सफाई-धुलाई १००, शेताचं भाडं १००. खर्च ७५०, उरले ४५०. गुणिले १७० म्हणजे ७६,५००. भांडवल निघायलाच दोन सीझनपेक्षा जास्त लागतात, आणि तोवर उन्हाने टेंटचं कापड विरायला लागतं.

आता पहिल्या वर्षी टेंट आणि बॅगा भाड्याने आणा. समजा माणशी २०० रुपये जादा पडले. उरतात २५०, म्हणजे सीझनला ४२,५००. नफा कमी दिसतो, पण भांडवल ८४,००० वर आलं. उद्या वन विभागाने वाट बंद केली, तर टेंट-बॅगांचे ७६,००० तुमच्या अंगावर पडत नाहीत. सरकारी जागेच्या भरवशावरच्या धंद्यात वाट बंद होणं ही नेहमीची रिस्क आहे. ती धरूनच चला.

गावाला बाहेर ठेवू नका

शेवटचा मुद्दा भागीदारीचा. अमरावती जिल्ह्यातल्याच पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवले, उजाड जमिनीवर जंगल राखलं आणि सीताफळाची विक्री उभी केली. ज्या गावाचा जंगलावर हक्क आहे, त्या गावाच्या ग्रामसभेला न विचारता केलेला कॅम्प टिकत नाही. वाटाड्या तिथला घ्या, भाकरी तिथल्या ताईंच्या हातची घ्या, पैसे त्याच दिवशी द्या. रात्री कोणाचा पाय मुरगळला तर धावून येणारं माणूस तेच असतं.

आजचा होमवर्क: येत्या आठवड्यात एखाद्या साध्या बुधवारी तुमच्या मनातल्या जागेवर जा. कॅमेरा खिशात ठेवा. वहीत पाच गोष्टी लिहा: जमीन कोणाची, हद्द कुठे संपते, पिण्याचं पाणी किती लांब, जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आणि पावसाळ्यात पाण्याची खूण दगडावर कुठपर्यंत चढलेली आहे. पाचही उत्तरं मिळाली, तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज घेऊन जा.

त्यानंतर टेंट बघू. दुकान तर आपलंच आहे!